शोक, हिंसा आणि शांततेचा शोध : अशा कादंबरीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानदेशातले नवे लेखक, एम. ए. मराठीचे विद्यार्थी आणि वाचक मंडळांतले सभासद यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बोलायला सोपं जावं म्हणून बहुतेक उत्तरांत एकच काल्पनिक कादंबरी नमुना म्हणून धरली आहे. भडगाव तालुक्यातलं गिरणाकाठचं गाव, दोन चुलत घरं, बांधावरून जुना वाद. दिवाळी उलटल्यावर, कापूस वेचणीच्या दिवसांत, थोरला भाऊ मारला जातो. मारणारा सख्खा चुलतभाऊ. मागे उरतात माय, थोरल्याची बायको, तिची शाळकरी मुलगी आणि धाकटा भाऊ.

१. साहित्यघटक म्हणजे नेमके कोणते? सगळे सारखेच महत्त्वाचे असतात का?

कथानक, पात्रं, निवेदक आणि त्याचा दृष्टिकोन, काळ, अवकाश, संघर्ष, भाषा, प्रतिमा-प्रतीकं, सूर आणि आशयसूत्र. यादी पाठ करून फार काही हाती लागत नाही. शोकाच्या कादंबरीत कथानक एका ओळीत सांगून संपतं : माणूस गेला, बाकीचे जगले. म्हणून सगळा भार तीन घटकांवर येतो : कोण सांगतंय, कोणत्या काळात सांगतंय आणि कोणत्या भाषेत. हस्तलिखित फसलं असेल तर आधी या तिघांकडे बघा (प्रश्न ४, ५ आणि ११). कथानकात आणखी दोन खून घातल्याने ते सुधारत नाही.

२. विषय आणि आशयसूत्र यांत फरक काय? परीक्षेत आम्ही दोन्हीकडे ‘दुःख’ लिहितो.

विषय एका शब्दात सांगता येतो. आशयसूत्राला पूर्ण वाक्य लागतं, आणि ते वाक्य कुणाला तरी अमान्य करता आलं पाहिजे. ‘शोक’ हा विषय. ‘मारणाऱ्याच्या घरालाही सुतक असतं, पण त्यांना रडायची सोय नसते’ हे आशयसूत्र.

हे वाक्य हवेतलं नाही. नमुना कादंबरीत दोन्ही घरं एकाच कुळातली. रीतीप्रमाणे भाऊबंदांना दहा दिवसांचं सुतक लागतं, म्हणजे ज्याने मारलं त्याच्या घरालाही, ज्याला मारलं त्याचंच सुतक. त्या घरची म्हातारी देवाला हात लावत नाही, दिवा लावत नाही. आणि पलीकडच्या गल्लीतून रडण्याचे हेल कानावर येत असतात. तिने उठून जायचं का? गेली तर कोण दारात उभं करेल? इथे पात्र, अवकाश, संघर्ष आणि आशयसूत्र एकाच प्रसंगात येतात. असा एक प्रसंग सापडला की आशयसूत्र वेगळं ‘मांडावं’ लागत नाही.

३. करुण, रौद्र, शांत हा रसविचार आजच्या कादंबरीला लावता येतो का?

येतो, पण रसांची नुसती नावं चिकटवून नव्हे. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस आहेत. शांत हा नववा नंतर मानला गेला आणि भाष्यकार अभिनवगुप्ताने त्याची जोरदार बाजू मांडली. करुणाचा स्थायीभाव (रसाच्या मुळाशी असलेली भावना) शोक, रौद्राचा क्रोध, शांताचा शम (काही जण निर्वेद मानतात). काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने तर महाभारताचा प्रधान रस शांतच ठरवला.

लेखकाला खरा उपयोग पर्वांच्या क्रमाचा होतो. अठरा पर्वांतलं दहावं सौप्तिक, म्हणजे रात्री झोपलेल्यांची केलेली कत्तल. अकरावं स्त्रीपर्व, रणांगणावर बायकांचा विलाप. बारावं शांतिपर्व, सगळ्यांत मोठं. हिंसा आणि शांती यांच्यामध्ये रडण्याचं एक अख्खं पर्व आहे, आणि त्यातला आवाज बायकांचा आहे. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक हस्तलिखितांत हेच पर्व गाळलेलं असतं. खून झाला, तेरावं झालं, पुढच्या प्रकरणात धाकटा नदीकाठी बसून ‘आता मन शांत झालं होतं’. वाचक तिथेच पुस्तक मिटतो. खून आणि पहिली निवांत झोप यांच्यात किती पानं आहेत ते मोजा. दोनशे पानांच्या कादंबरीत ती शंभराच्या खाली असतील तर शोक उरकलेला आहे.

४. गोष्ट कुणी सांगावी? ‘मी’ बरा की ‘तो/ती’?

थोरल्याच्या बायकोला ‘मी’ केलं की पहिली पन्नास पानं जोरात जातात आणि मग अडचण येते : नुकतंच माणूस गेलेली बाई इतकं सुसंगत, इतकं सुंदर का बोलतेय? उपाय दोन. तिला पुष्कळ वर्षांनी सांगायला लावा आणि ते अंतर भाषेत दिसू द्या. किंवा तृतीयपुरुषी निवेदन ठेवा, पण एका वेळी एकाच माणसाच्या डोळ्यांनी.

शाळकरी मुलगी ही लेखकांची लाडकी निवड. तिला कमी कळतं, त्यामुळे वाचकाला जास्त कळतं, हा फायदा खरा. धोका असा की दहा वर्षांची पोर तत्त्वज्ञासारखी बोलायला लागते. तिला घरात भांडी कुणी घासली, शाळेत बाईंनी पहिल्या बाकावर का बसवलं, चुलत घरची मैत्रीण आता का बोलत नाही, इतकंच दिसू द्या.

मेलेल्या माणसाने गोष्ट सांगायची ही युक्ती टाळलेली बरी. तो बोलतोच आहे म्हटल्यावर गमावलं काय?

५. काळ सरळ ठेवावा की मागे-पुढे?

सरळ ठेवला तरी मन मागे जातंच. ते प्रकरणांच्या उड्यांपेक्षा क्रियापदांतून दाखवा. मराठीत त्यासाठी रीतिभूतकाळ आहे : ‘तो संध्याकाळी यायचा, पायरीवर चप्पल झटकायचा.’ माणूस गेला त्या क्षणी घरातली सगळी त्याच्याबद्दल ‘यायचा, करायचा’ बोलू लागतात. माय मात्र ‘येतो, झटकतो’वरच अडून राहते. कुणी तिला दुरुस्त करत नाही. आणि मग दीडशेव्या पानावर, भाकरी थापता थापता, तिच्याही तोंडून ‘यायचा’ निघतं. त्यावर एकही वाक्य लिहू नका. वाचकाने ते पकडलं तर पकडलं.

यासाठी अट एकच : तोवरच्या दीडशे पानांत मायच्या तोंडी चुकूनही ‘यायचा’ आलेलं नसावं. शेवटचं वाचन फक्त मायच्या संवादांचं करा. अशी युक्ती बहुधा टंकलेखनात किंवा मुद्रितशोधनात ‘दुरुस्त’ होऊन मरते, तेव्हा प्रकाशकालाही आधी कळवा.

६. शोकाचे पाच टप्पे असतात म्हणे. त्याप्रमाणे पाच भाग पाडावेत का?

नको. नकार, राग, सौदा, नैराश्य, स्वीकार ही मांडणी मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये केली, ती स्वतःच्या मृत्यूला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांच्या मुलाखतींवरून. मागे राहिलेल्यांना ती नंतर लावली गेली, आणि तिथे माणसं जिना चढावा तशी टप्प्याटप्प्याने जात नाहीत. आपल्याकडे शोकाला आधीच पंचांग आणि पिकांचं वेळापत्रक आहे. नमुना कादंबरीचं असं बसतं :

कार्तिकात खून, दशक्रिया, गंधमुक्ती. त्या वर्षीची वेचणी अर्धी राहते. ओटी बांधून वेचायला कोण येणार, पोलिसांच्या भीतीने मजूर त्या शेताकडे फिरकत नाहीत. पौष-माघात पऱ्हाट्या उपटायच्या की फरदड (त्याच झाडांचं दुसरं पीक) ठेवायची हा निर्णय पहिल्यांदा बायकोला घ्यावा लागतो. चैत्री पौर्णिमेसाठी गावातली माणसं पायी सप्तशृंगी गडाला निघतात. धाकटा त्यांच्यात जातो. मग अखाजी (अक्षय्य तृतीया). मग मृगाची धांदल. श्रावणात कानबाई देवीचा सण. पुन्हा वेचणी, आणि तिच्या पाठोपाठ वर्षश्राद्ध. पीक थांबत नाही ही गोष्ट लेखकाला फार कामाची. माणसाला रडत बसायला वेळ मिळत नाही आणि हात चालू ठेवायला निमित्त मिळतं.

७. अखाजी, कानबाई हे सण घातले की संपादक ‘लोकसंस्कृतीची सजावट’ म्हणतात. मग घालावेत कसे?

सणाचं वर्णन करू नका. त्या दिवशी कुणाला काय करणं भाग आहे ते दाखवा.

अक्षय्य तृतीयेचं उदाहरण घ्या. खानदेशात अखाजी ही सासुरवाशिणींची. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. त्याच दिवशी सकाळी पितरांची घागर भरतात. तिच्यावर डांगर, आंबा, सांजोरी ठेवतात आणि घरातलं माणूस विस्तवावर घास टाकतं. झोका आणि घागर एकाच अंगणात. नमुना कादंबरीत थोरल्याच्या नावाची ही पहिली घागर. ती भरायची धाकट्याने, कारण मुलगा नाही. मुलगी म्हणते, मी भरते. दुपारी तिच्या वयाच्या पोरी तिला झोक्यावर बोलावतात. ती जाते का? गेली तर आई खिडकीतून बघते का? या दोन प्रश्नांवर दहा पानं होतात, आणि सांजोरीची कृती द्यायची गरज पडत नाही.

कानबाई याहून टोकदार. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. रोटांचे (कानबाईच्या नैवेद्याचे) गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ मोजून घेतात आणि रोट कुळाबाहेर देत नाहीत. आता मोजायला बसलेल्या मायचे हात बघा. थोरल्याची मूठ कमी झाली. आणि चुलत्याच्या तुरुंगात असलेल्या पोराची मूठ? रोट भाऊबंद मिळून करत आले असतील तर त्याचंही नाव त्या परातीत असतं. ती मूठ घालायची की नाही, हा कादंबरीचा मध्यबिंदू होऊ शकतो. सुतक किंवा कुळाची रीत आड येत असेल तर त्या वर्षी रोट होतच नाहीत. गावागावांत रीत वेगळी आहे, म्हणून तुमच्या कादंबरीच्या गावात काय चालतं ते तिथल्या म्हाताऱ्या बाईला विचारून मगच लिहा.

८. खुनाचा प्रसंग किती तपशिलाने लिहावा?

70 हजार शब्दांच्या कादंबरीत खुद्द प्रसंगाला हजार ते पंधराशे शब्द पुरे होतात. त्याहून लांबला की वाचक बघ्या होतो. लिहिताना तीन गोष्टी नीट ठरवा. एक, हत्यार तिथे आधीपासून का होतं. वेचणीच्या शेतात कुऱ्हाड नसते, पण बांधावरची बाभूळ तोडायला कुणी तरी आणली असेल, आणि ती बाभूळ कुणाची यावरूनच तंटा असेल. दोन, पहिला शब्द कुणाचा. तीन, कुणी पाहिलं. तिसरी गोष्ट पुढे साक्षीत लागते (प्रश्न ९).

क्रियापदं साधी ठेवा. ‘रक्ताचा सडा’, ‘थारोळ्यात’, ‘काळाने घाला घातला’ हे वर्तमानपत्राचे शब्द. बातमीत ते चालून जातात, इथे दृश्य झाकून टाकतात. आघाताच्या क्षणी भोवतालची एखादी फालतू वस्तू माणसाच्या डोळ्यांत अडकून राहते : ओटीतून सांडलेला कापूस, डब्यातली न खाल्लेली कळण्याची भाकरी. तीच वस्तू घ्या आणि तिथेच थांबा.

काही कादंबऱ्या खून अजिबात दाखवत नाहीत. तो वेगवेगळ्यांच्या तोंडून, प्रत्येक वेळी थोडा बदलून कळतो. ही पद्धत अवघड पण बळकट. मात्र मग प्रत्येकाच्या आवृत्तीची नोंद वहीत ठेवा. कोण कुठे उभा होता यात लेखकाचाच गोंधळ झाला तर वाचक त्याला तंत्र समजत नाही.

९. पोलीस आणि कोर्टाचा तपशील कितपत अचूक लागतो?

पूर्ण. कायद्यातली चूक तालुक्याच्या गावचा कुणीही वाचक पकडतो. नेहमी चुकणाऱ्या जागा अशा :

गुन्हा 1 जुलै 2024 च्या आधीचा असेल तर खुनाला भारतीय दंड संहितेचं कलम 302. त्या तारखेपासूनचा असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 103. खटला पुढे कधीही चालो, गुन्ह्याची तारीख धरायची.

पंचनामे दोन वेगळे : मृतदेहाचा आणि घटनास्थळाचा. शवविच्छेदन झाल्यावर मृतदेह नातेवाइकांकडे देतात. ‘आरोपीला अटक झाल्याशिवाय ताब्यात घेणार नाही’ असा पवित्रा अनेकदा घेतला जातो. रुग्णालयाच्या आवारातले ते तास म्हणजे नाट्याची खाण, तरी लेखक थेट स्मशानात उडी मारतात.

खुनासारख्या गुन्ह्यात आरोपी कोठडीत असताना 90 दिवसांत दोषारोपपत्र दाखल झालं नाही तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. म्हणून नमुना कादंबरीत माघ महिन्यात घरात ताण वाढला पाहिजे. खटला सत्र न्यायालयात चालतो, तालुक्याच्या दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात नाही.

आणि मुद्देमाल. मृताच्या अंगावरचा शर्ट पोलीस जप्त करतात. तो कागदात गुंडाळून, दोरा बांधून, लाखेचं सील करून, पंचांच्या सह्यांचं लेबल लावून ठेवतात. घरात नवऱ्याचा तो शर्ट नसतो. काही वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात बायकोसमोर पाकीट फोडतात आणि विचारतात, ‘हा शर्ट ओळखता का?’ काळपट, कडक झालेलं कापड, वर क्रमांकाची चिठ्ठी. तिने फक्त ‘हो’ म्हणायचं असतं, कारण लघुलेखकाला एवढंच टिपायचं असतं. शोकाला सरकारी भाषा भेटते ती जागा हीच. तिथे निवेदकाने गप्प बसावं.

१०. रक्त न सांडता हिंसा दाखवता येते का?

येते, आणि खानदेशात तिचे नमुने हाताशी आहेत. रावेर-यावल पट्ट्यात वैरातून रात्रीतून केळीची खोडं कापून टाकल्याच्या बातम्या वरचेवर येतात. निसवलेली, घड धरलेली बाग. सकाळी मालक जातो तेव्हा पाण्याचं ओझं घेतलेली खोडं आडवी, कापलेल्या जागी चीक. वर्षभराचं पीक जातं आणि तरीही कुणाच्या अंगावर ओरखडा नसतो. बांध कोरणं, सामाईक विहिरीची मोटार बंद करणं, लग्नपत्रिका न देणं, मौतीला गेलेल्याला चहा न विचारणं, ही त्याच ओळीतली. खुनाआधी अशी दोन-तीन दिसली तर खून आभाळातून पडल्यासारखा वाटत नाही.

११. संवादांत अहिराणी किती वापरावी? बाहेरच्या वाचकाला कळेल का?

आधी बोली कोणती ते ठरवा. खानदेश म्हणजे सरसकट अहिराणी नव्हे. धुळे, साक्री, शिंदखेडा, अमळनेर, पारोळा, भडगाव, चाळीसगाव आणि पलीकडे बागलाण-मालेगावात अहिराणी; यावल, रावेर, भुसावळ भागात लेवा गणबोली; शहादा-नंदुरबारकडे गुजरी; सातपुड्यात पावरी, भिली; नवापूरकडे मावची. बहिणाबाई चौधरींची (1880–1951) भाषा अहिराणी समजून तिची नक्कल भडगावच्या पात्राच्या तोंडी घालणारे पुष्कळ. ती लेवा बोली आहे. एकच आक्रोश दोन गावांत कसा बदलतो बघा. अहिराणीत : ‘मना पोऱ्या कथा गया?’ लेवा बोलीत : ‘माहा पोरगा कुठी गेला?’

प्रमाण म्हणाल तर निवेदन प्रमाण मराठीत, संवाद बोलीत, हा सोपा तोडगा आहे, पण त्यातही पायऱ्या ठेवा. माय पूर्ण अहिराणी बोलते. धाकटा घरात अहिराणी, पोलीस ठाण्यात अडखळत प्रमाण मराठी. मुलगी शाळेतलं मराठी बोलते आणि आजीला उत्तर देताना बोलीत घसरते. शोकात माणूस मूळ बोलीकडे परततो. साक्ष देताना प्रमाण मराठी जपणारी बायको उलटतपासणीत चिडून अहिराणीत बोलली, की न्यायालयाच्या नोंदीत तिचं वाक्य ‘भाषांतरित’ होऊन किती थंड पडतं हेही दाखवता येतं.

तळटीपा आणि कंसातले अर्थ नकोत. संदर्भातून कळेल असं वाक्य रचा. नाही कळलं तर वाचक पुढच्या वाक्यात सावरतो. अवघड वाक्य लागोपाठ दोन येऊ देऊ नका, एवढं पुरे.

१२. संबोधनांकडे इतकं लक्ष द्यावं लागतं का?

हो. ‘जिभाऊ’ म्हणणारा पुतण्या एका सकाळी काकाला नावाने हाक मारतो, तेव्हा वैर सुरू झालेलं असतं. कुऱ्हाड नंतर येते. समेट दाखवायचा असेल तर मिठ्या मारायला लावू नका, हाक परत आणा.

१३. नदी, कावळा, दिवा ही प्रतीकं वापरली तर चालतील?

कावळ्याला सुटी द्या. पिंडाला कावळा न शिवणं इतकं वापरून झालंय की वाचक पहिल्या ओळीतच पुढचं सांगतो. वापरायचंच असेल तर पुढचा व्यवहार लिहा : ऊन चढतं, गुरुजींना दुसरीकडे जायचं असतं, शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. त्या तडजोडीत शोकापेक्षा जास्त काही दिसतं.

नदीचं असं की ती ‘काळासारखी वाहते’ म्हणताच मेली. गिरणा वर्षातले कित्येक महिने कोरडी असते, धरणातून आवर्तन सुटलं की पाणी येतं. कोरड्या पात्रात दशक्रियेसाठी खड्डा करून पाणी शोधावं लागणं हा तपशील कुठल्याही रूपकाहून बोलका आहे. पुनरावृत्त होणाऱ्या प्रतिमा तीनच ठेवा. प्रत्येक वेळी वस्तू तीच, पण तिचा उपयोग बदललेला असावा. बांधावरचा मोजणीचा दगड आधी वादाचं कारण, मग बसायची जागा, मग मुलीने त्यावर शेंगा फोडणं.

१४. कुटुंब मुस्लिम, बौद्ध किंवा आदिवासी असेल तर?

प्रश्न ६ मधलं वेळापत्रक तसंच्या तसं उचलू नका. मुस्लिम विधवेची इद्दत, म्हणजे पुनर्विवाहाआधी पाळायचा काळ, चार महिने दहा दिवसांची. ती कादंबरीला आपोआप चौकट देते. बौद्ध घरांत जलदानविधी आणि पुण्यानुमोदन. सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल समाजांचे मृत्युविधी, त्यांतली वाद्यं, गाणी हे पाड्यागणिक बदलतात. तिथे वाचून लिहिलेलं लगेच उघडं पडतं. त्या पाड्यावरच्या माणसाने हस्तलिखित वाचलेलं नसेल तर छापू नका.

१५. कादंबरीत शेतकरी आत्महत्या आहे. हिंसेचे हेच नियम लागू?

नाही. इथे पद्धत, औषधाचं नाव, प्रमाण काहीही लिहू नका. वाचणारा कोण असेल सांगता येत नाही. आत्महत्येला एकच कारणही जोडू नका. कादंबरी मागे राहिलेल्यांची करा. जिल्हा समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ठरवते आणि पात्र ठरल्यास वारसांना 1 लाख रुपयांची मदत मिळते. सातबारा कुणाच्या नावावर होता, कर्ज बँकेचं होतं की सावकाराचं, यावर दुःखाला शिक्का मिळतो. ‘अपात्र’ हा शब्द तलाठ्याच्या तोंडून ऐकणारी बाई कशी उभी राहते, तिथून सुरुवात करता येईल.

१६. शांतता म्हणजे शेवटी माफी करायलाच हवी का?

अजिबात नाही. माफी हा शांततेचा एकच प्रकार, आणि कादंबरीत सगळ्यांत स्वस्त पडणारा. झोप लागणं, खटल्याच्या तारखेला न जाणं, त्या शेतात पुन्हा वेचायला उतरणं, एवढंही चालतं. पायी गडावर गेलेला धाकटा तिथे बदलून येतो असं दाखवायचा मोह होतो; पायांना फोड येतात, चालताना शेजारचा कोण आहे हे कळत नाही आणि चार दिवस कुणी ‘त्या’बद्दल विचारत नाही, यात त्याला मिळायचं ते मिळतं.

अवघड जागा वेगळी. गावातली वडील माणसं म्हणतात, मिटवून टाका, पोरांची लग्नं व्हायची आहेत. पण खून हा आपसात मिटवता येणारा गुन्हा नाही. मारहाणीचे किरकोळ गुन्हे मिटतात, हा नाही. मग ‘मिटवणं’ म्हणजे प्रत्यक्षात साक्षीदार फितूर होणं. ज्या मजूर बाईने पाहिलं ती कोर्टात म्हणते, पाहिलं नाही. गावात शांतता येते, घरात येत नाही. ही कोंडी न सोडवता ठेवली तरी चालेल; मात्र लेखकाने कुणाची बाजू घेतली ते लपवू नये.

आणखी एक वळण उपलब्ध आहे. जन्मठेप झालेला कैदी संचित किंवा अभिवचन रजेवर (फर्लो किंवा पॅरोलवर) काही दिवस गावी येऊ शकतो. नाशिकरोडच्या कारागृहातून तो येतो, आणि नळावर दोन घरांच्या बायका समोरासमोर उभ्या असतात.

१७. शोक करणाराच सूड घेतो, असं केलं तर सहानुभूती जाते का?

सहानुभूती जात नाही, कादंबरीचा प्रकार बदलतो. धाकट्याने कुऱ्हाड उचलली की वाचक ‘पुढे काय’ विचारू लागतो आणि शोक मागे पडतो. सूड हवाच असेल तर तो निम्म्याच्या आत आणा, म्हणजे उरलेल्या भागात दोन्ही घरांना रडता येईल. तयारी करून, वाट बघून, ऐन वेळी न मारणं ही तिसरी शक्यता. पण तिथे एखादं मूल रडल्याने किंवा देवळातली घंटा वाजल्याने त्याचा हात थांबू नये. का थांबला ते त्याला स्वतःलाही नीट सांगता येऊ नये.

१८. खऱ्या घटनेवर लिहितोय. नावं बदलली की झालं ना?

गाव, पेशा, नातं आणि वर्ष तसंच ठेवलं तर नाव बदलूनही ओळख पटते. बदनामीच्या कायद्यात मृत व्यक्तीचाही विचार आहे : जिवंत असती तर बदनामी झाली असती आणि कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याचा हेतू असेल, तर गुन्हा होऊ शकतो. किमान तीन मोठ्या गोष्टी बदला, आणि फक्त त्या घरालाच माहीत असलेली गोष्ट घेऊ नका. शंका असेल तर छापण्याआधी वकिलाला दाखवा.

१९. गोष्ट 1950-60 च्या काळातली आहे. काय सांभाळावं?

जिल्ह्यांची नावं आधी. 1906 मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. 1960 नंतर ते जळगाव आणि धुळे. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 चा. म्हणजे 1955 मधल्या पात्राच्या पाकिटावर ‘जि. पूर्व खानदेश’ हवं. मुक्ताईनगर तेव्हा एदलाबाद. कायद्याची कलमं प्रश्न ९ प्रमाणे जुनीच.

२०. परीक्षेत ‘अमुक कादंबरीतील साहित्यघटक स्पष्ट करा’ असा प्रश्न येतो. सगळे दहा घटक लिहायचे का?

दहा परिच्छेदांत दहा व्याख्या लिहिल्या की गुण अर्ध्यावर अडकतात. कादंबरीतला एक प्रसंग निवडा आणि त्यात चार घटक एकमेकांवर कसे काम करतात ते लिहा. प्रश्न २ आणि ७ मध्ये तसं करून दाखवलं आहे. प्रत्येक विधानाला कादंबरीतला एक तपशील जोडा : वस्तू, क्रियापद किंवा संवाद. व्याख्येला दोन ओळींच्या वर जागा देऊ नका, आणि ‘लेखकाने प्रभावीपणे रेखाटले आहे’ हे वाक्य आले की खोडा.